सुरुवातीच्या अमेरिकेत राज्यांचे गव्हर्नर नेमके निवडायचं कोण?

कोरा_कागद

१७७६ ते साधारण १८२५ या काळातल्या अमेरिकी राज्यघटनांवर मराठीत टिपण तयार करायचं आहे. गाडी अडली आहे ती गव्हर्नरच्या निवडीपाशी. एकीकडे वाचायला मिळतं की इंग्लंडच्या राजाने नेमलेले गव्हर्नर गेले आणि लोकांनी निवडलेले आले. दुसरीकडे पॅट्रिक हेन्री आणि थॉमस जेफरसन या दोघांनाही व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने निवडलं होतं, हेही पक्कं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या?

जाणकारांकडून एवढं हवं आहे:

१. कुठल्या राज्यात मत कोणाचं? लोकांचं की आमदारांचं?
२. मतदान प्रत्यक्ष कसं व्हायचं? पेटी, चिठ्ठी, मोजणी कोण करायचं?
३. कोणालाच बहुमत मिळालं नाही तर?
४. मराठीत लिहिताना 'राज्यपाल' म्हणावं की 'गव्हर्नर'?

---

सनदवाचक

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण अमेरिकेत 'एक पद्धत' कधी नव्हतीच. १७८०च्या दशकाच्या मध्यावर तेरा राज्यांची मोजदाद केली तर पाचच राज्यांत मतदार गव्हर्नरला थेट मत देत होते: मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि न्यूयॉर्क. उरलेल्या आठांत निवड विधिमंडळाच्या हातात. म्हणजे 'लोकांनी निवडलेले आले' हे वाक्य निम्म्याहून अधिक राज्यांना लागूच पडत नाही.

कारण सरळ आहे. वसाहतींच्या काळात बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजाकडून किंवा वसाहतीच्या मालक-घराण्याकडून येई. तो विधिमंडळ बरखास्त करी, कायदे अडवी, नेमणुका वाटी. त्यामुळे १७७६ मध्ये घटना लिहायला बसलेल्या मंडळींना गव्हर्नर हा प्राणीच नकोसा होता. न्यू हॅम्पशायरने जानेवारी १७७६ मध्ये केलेल्या घटनेत तर कार्यकारी प्रमुखाचं पदच ठेवलं नाही. पेनसिल्व्हेनियाने एका माणसाऐवजी बारा जणांचं सर्वोच्च कार्यकारी मंडळ नेमलं. या बारांना लोक निवडत, पण त्यांच्यातून अध्यक्ष कोण हे दरवर्षी ते मंडळ आणि असेंब्ली (तिथलं एकच सभागृह असलेलं विधिमंडळ) मिळून गुप्त मतदानाने ठरवत. बेंजामिन फ्रँकलिन १७८५ ते १७८८ या पदावर होता. तो पेनसिल्व्हेनियाचा 'गव्हर्नर' होता असं कुठे छापलेलं दिसलं तर ते पदनाम चुकीचं समजा. डेलावेअर, दक्षिण कॅरोलायना (१७७८ पर्यंत) आणि १७८४ नंतरचं न्यू हॅम्पशायर इथेही पदाचं नाव 'प्रेसिडेंट' होतं. देशाचा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर हा घोळ निस्तरला. न्यू हॅम्पशायरने आणि डेलावेअरने १७९२ मध्ये 'गव्हर्नर' हा शब्द घेतला.

कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडची गोष्ट वेगळी. त्यांच्या जुन्या राजसनदांमध्येच (१६६२ आणि १६६३) गव्हर्नर आपला आपण निवडायची मुभा होती. त्यांना स्वातंत्र्यानंतर नवी घटना लिहिण्याची निकडच वाटली नाही. राजाचं नाव खोडलं आणि तीच सनद चालू ठेवली, कनेटिकटने १८१८ पर्यंत, ऱ्होड आयलंडने १८४३ पर्यंत. जोनाथन ट्रंबल हा कनेटिकटचा गव्हर्नर क्रांतीआधीही होता आणि क्रांतीनंतरही, त्याचं कारण हेच.

आता विधिमंडळातली पद्धत, कारण तिथली यंत्रणा फारशी कोणी सांगत नाही.

व्हर्जिनिया, १७७६: दोन्ही सभागृहं एकत्र बसत नसत. प्रत्येक सभागृह आपापल्या जागी चिठ्ठ्यांनी मतदान करी. पेट्या दोघांच्या मधल्या परिषद-दालनात नेऊन ठेवायच्या. दोन्हीकडच्या सदस्यांची समिती त्या उघडून आकडे मोजणार आणि आपापल्या सभागृहाला कळवणार. मगच नेमणूक दप्तरात चढायची. पॅट्रिक हेन्रीला २९ जून १७७६ रोजी ६० मतं पडली, थोरल्या थॉमस नेल्सनला ४५. जेफरसनच्या वेळी, जून १७७९ मध्ये, पहिल्या फेरीत त्याला ५५, जॉन पेजला ३८ आणि धाकट्या नेल्सनला ३२ अशी विभागणी झाली. कोणीच निम्म्याच्या पुढे नाही, म्हणून दुसरी फेरी. तीत जेफरसन ६७, पेज ६१.

मुदत एक वर्ष. लागोपाठ तीन वर्षांहून अधिक नाही आणि त्यानंतर चार वर्षं घरी. शिवाय आठ जणांचं कौन्सिल उरावर, ज्याच्या सल्ल्याशिवाय गव्हर्नरला फारसं काही करता येत नसे. ही एका वर्षाची मुदत व्हर्जिनियाला १७८१ मध्ये चांगलीच महागात पडली. जेफरसनची मुदत जूनच्या सुरुवातीला संपली. त्याच आठवड्यात, ४ जूनला, टार्लटनचे इंग्रज घोडेस्वार शार्लट्सव्हिलवर आले आणि आमदार डोंगरापलीकडे स्टॉंटनला पळाले. विधिमंडळच पांगलेलं, मग निवड करणार कोण? १२ जूनला धाकटा नेल्सन निवडला जाईपर्यंत, भर युद्धात, राज्याला गव्हर्नर नव्हता. विधिमंडळाने निवड करण्यातला हा दोष कोणी आधी धरला नव्हता: मतदार पांगला की निवडणूकच थांबते.

मेरीलँडनेही दोन्ही सभागृहांचं मतदान ठेवलं, दरवर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, पण समसमान मतांची सोय आधीच लिहून ठेवली. बरोबरी झाली तर फक्त बरोबरीतल्या उमेदवारांत पुन्हा मतदान, तरीही बरोबरी तर चिठ्ठ्या टाकायच्या. उमेदवाराकडे पाच हजार पौंडांची मालमत्ता हवी, त्यातली किमान एक हजाराची जमीन. उत्तर कॅरोलायनात वय तीसच्या पुढे, एक हजार पौंडांहून अधिकची जमीन आणि सहा वर्षांत तीन वर्षांहून अधिक पद नाही. दक्षिण कॅरोलायनाने १७७८ मध्ये जमिनीची अट दहा हजार पौंडांवर नेली. त्यामुळे 'कोण निवडतो' याइतकंच 'कोण उभा राहू शकतो' हेही टिपणात यायला हवं.

जॉर्जियाने तीन वेळा पद्धत बदलली. १७७७ मध्ये एकच सभागृह, ते दरवर्षी गव्हर्नर निवडी आणि एका माणसाला तीन वर्षांत एकच वर्ष. १७८९ मध्ये दोन सभागृहं आली. खालच्या सभागृहाने चिठ्ठ्यांनी तीन नावं काढायची आणि वरच्याने त्यातलं एक उचलायचं. पुढे ते सोडून दोन्ही सभागृहांचं संयुक्त मतदान.

---

नवा_सदस्य_७

न्यू जर्सीत तर स्त्रियासुद्धा मत देत होत्या ना? मग तिथला गव्हर्नर स्त्रियांनीही निवडलेला म्हणायला हरकत नसावी. आणि न्यूयॉर्कमध्ये सगळे गोरे पुरुष मतदार होते.

---

सनदवाचक

दोन्ही ठिकाणी अडचण आहे.

न्यू जर्सीच्या १७७६च्या घटनेत मतदार म्हणजे पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले 'सर्व रहिवासी', असा शब्द होता. त्यामुळे मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया १८०७च्या कायद्यापर्यंत मत देऊ शकत होत्या. पण ते मत आमदारांसाठी. गव्हर्नर दरवर्षी कौन्सिल (तिथलं वरचं सभागृह) आणि असेंब्ली (खालचं) एकत्र मिळून निवडत. विल्यम लिव्हिंगस्टन १७७६ पासून १७९० मध्ये वारला तोपर्यंत सलग निवडला गेला, तो आमदारांच्या मतांवर. थेट मतदान तिथे १८४४च्या घटनेने आलं, तोवर स्त्रियांचा हक्क जाऊन जवळजवळ चार दशकं झाली होती.

न्यूयॉर्कमध्ये असेंब्लीसाठी, म्हणजे खालच्या सभागृहासाठी, वीस पौंडांची जमीन किंवा वर्षाला चाळीस शिलिंग भाडं भरणारी कुळंही चालत. गव्हर्नर आणि सिनेट (वरचं सभागृह) यांच्यासाठी मात्र कर्ज वजा जाता शंभर पौंडांची मालकीची जमीन हवी. म्हणजे एकाच गावात काही लोक आमदाराला मत देत, पण गव्हर्नरला देऊ शकत नसत. ही अट १८२१च्या घटनेपर्यंत टिकली. ती काढताना कृष्णवर्णीय पुरुषांवर मात्र अडीचशे डॉलरच्या जमिनीची अट घालून ठेवली.

---

मोहोरबंद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चिठ्ठी पेटीत पडल्यावर ती कुठे मोजली जाते, यावर सगळा खेळ. मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क शेजारी ठेवून पाहा.

मॅसॅच्युसेट्स, १७८० ची घटना. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक गावाची सभा भरायची, आपल्या ग्रामसभेसारखीच. गावाचे निवडलेले पंच अध्यक्षस्थानी. मतदार एकवीस वर्षांवरचा पुरुष, साठ पौंडांची मालमत्ता किंवा वर्षाला तीन पौंड उत्पन्न देणारी जमीन असलेला. चिठ्ठ्या गोळा झाल्या की गावाचा कारकून पंचांच्या मदतीने, भर सभेत, त्या वेगळ्या करून मोजायचा. कोणाला किती याची यादी, गावाच्या वहीत नोंद, सभेत जाहीर वाचन. मग त्या यादीची सही-साक्षीची प्रत लोकांसमोरच मोहोरबंद करून काउंटीच्या (जिल्ह्यासारखा विभाग) शेरीफकडे, म्हणजे तिथल्या मुख्य अंमलदाराकडे. मे महिन्याच्या शेवटच्या बुधवारच्या किमान तीस दिवस आधी ती शेरीफकडे पोचायला हवी आणि शेरीफने किमान सतरा दिवस आधी राज्याच्या सचिवाकडे द्यायला हवी. शेरीफवर भरवसा नसेल तर पंचांनी परस्पर सचिवाकडे पाठवावी, मुदत तीच सतरा दिवसांची. शेवटच्या बुधवारी सचिव त्या याद्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवी आणि तपासणी तिथे होई.

इथे चिठ्ठी गावातच मोजली गेली, आकडा वहीत चढला, पन्नास जणांनी ऐकला. बॉस्टनला जाणारा लिफाफा हरवला तरी गावाची वही शाबूत.

न्यूयॉर्कमध्ये उलटं. पहिल्या निवडणुकीनंतर, १७७८ पासून, गव्हर्नरसाठी चिठ्ठ्या आल्या. गावातले निरीक्षक त्या न मोजताच बंद करून शेरीफकडे देत. शेरीफ काउंटीच्या सगळ्या चिठ्ठ्या एका पेटीत घालून राज्याच्या सचिवाच्या कार्यालयात पोचवणार. तिथे विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतून घेतलेल्या बारा जणांची समिती त्या उघडून मोजणार. समितीचा निकाल अखेरचा.

यात काय बिघडू शकतं ते १७९२ मध्ये दिसलं. जॉर्ज क्लिंटन १७७७ पासून गव्हर्नर, समोर जॉन जे, जो तेव्हा देशाचा सरन्यायाधीश होता. तीन काउंट्यांच्या पेट्यांवर हरकत आली.

ओत्सेगोः जुन्या शेरीफची वर्षाची मुदत संपलेली, नवा नेमलेला, पण त्याने अजून सूत्रं घेतली नव्हती. पेटी पाठवली जुन्याने. मग ती 'शेरीफने' पाठवली का?

टायोगाः शेरीफने पेटी आपल्या प्रतिनिधीकडे दिली. तो वाटेत आजारी पडला आणि त्याने ती कारकुनाच्या हाती पुढे धाडली. प्रतिनिधीला प्रतिनिधी नेमता येतो का?

क्लिंटन काउंटी (नाव याच गव्हर्नरवरून पडलेलं): पेटी आणणाऱ्या माणसाकडे शेरीफचं लेखी अधिकारपत्रच नव्हतं.

समितीचं एकमत होईना. तिने देशाच्या सिनेटमधल्या न्यूयॉर्कच्या दोन्ही सिनेटरांचा सल्ला मागितला. रूफस किंग म्हणाला, मतदाराचा यात दोष नाही, मतं मोजा. एरन बर ओत्सेगोबद्दल म्हणाला, कायद्याची अट पाळली गेली नाही, पेटी बाद. समितीत क्लिंटनच्या बाजूचे सदस्य जास्त होते. तिन्ही पेट्या बाद झाल्या आणि निकाल लागला: क्लिंटन ८,४४०, जे ८,३३२. फरक १०८. एकट्या ओत्सेगोचा कल जेकडे इतका होता की ती पेटी मोजली असती तर निकाल फिरला असता. आणि मॅसॅच्युसेट्ससारखी गावोगावची वही नसल्याने फेरमोजणीला काही उरलंच नाही.

जेने समर्थकांना शांत राहायला सांगितलं म्हणून प्रकरण आणखी चिघळलं नाही. १७९५ मध्ये क्लिंटन उभा राहिला नाही आणि जे निवडून आला. मतदान झालं तेव्हा तो इंग्लंडशी तह करून परतायचा होता, त्याने प्रचारही केला नव्हता.

मॅसॅच्युसेट्सची पद्धत मजबूत असली तरी तिलाही फट होती. तिथे चिठ्ठीवर मतदार उमेदवाराचं नाव लिहीत. १८०६ मध्ये केलेब स्ट्राँग आणि जेम्स सलिव्हन यांच्यात अटीतटीची लढत झाली. विधिमंडळात सलिव्हनच्या पक्षाचं बहुमत होतं. तपासणी-समितीने स्ट्राँगचं नाव चुकीच्या वर्णांत लिहिलेली मतं बाजूला काढायला सुरुवात केली. गवगवा झाला, शेवटी माघार घ्यावी लागली आणि स्ट्राँगच गव्हर्नर राहिला. सलिव्हन पुढच्या वर्षी रीतसर निवडून आला.

ऱ्होड आयलंडच्या चिठ्ठीवर तर मतदाराला मागे स्वतःची सही करावी लागे. गुप्त मतदान हा शब्द तिथे जपूनच वापरा.

---

बेरीज_वजाबाकी

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. वरच्या प्रतिसादांत 'थेट' आणि 'विधिमंडळाची' असे दोन कप्पे पडले आहेत. पण न्यू इंग्लंडमधली (ईशान्येकडच्या राज्यांतली) थेट निवडणूक बऱ्याचदा विधिमंडळातच संपत असे. कारण तिथे सर्वाधिक मतं पुरत नसत, एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक लागत.

मॅसॅच्युसेट्स आणि १७८४च्या घटनेखालचं न्यू हॅम्पशायर: कोणालाच अर्ध्याच्या पुढे नाही, तर पहिल्या चार जणांतून खालचं सभागृह दोन नावं काढणार आणि त्यातलं एक सिनेट निवडणार. 'पहिल्या दोघांतून' असं नाही, चारांतून दोन, हे लक्षात ठेवा. म्हणजे लोकांच्या मतांत तिसरा किंवा चौथा आलेला माणूसही कायद्याने गव्हर्नर होऊ शकत होता. १७८५ मध्ये दोन्ही राज्यांत एकदमच हा प्रसंग आला. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर जॉन हॅनकॉकने पद सोडलेलं, मतं विभागली, सभागृहाने कशिंग आणि बोडन अशी दोन नावं वर पाठवली आणि सिनेटने जेम्स बोडनला घेतलं. पुढच्याच वर्षी शेजचं बंड (कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव) त्याच्याच गळ्यात पडलं. न्यू हॅम्पशायरमध्ये जॉर्ज अॅटकिन्सनला सर्वांत जास्त मतं होती, गव्हर्नर (तेव्हाचा प्रेसिडेंट) झाला जॉन लँग्डन.

व्हरमाँट १७९१ पर्यंत संघराज्यात नव्हतं, पण पद्धत तशीच. बहुमत नाही तर कौन्सिल आणि असेंब्ली मिळून ठरवणार. थॉमस चिटेंडन १७७८ पासून १७९७ पर्यंत गव्हर्नर होता, मध्ये एक वर्ष सोडून. १७८९ मध्ये लोकांची सर्वाधिक मतं त्यालाच होती, पण निम्म्याच्या खाली. विधिमंडळाने मोझेस रॉबिन्सनला बसवलं. पुढच्या वर्षी लोकांनी चिटेंडनला परत आणलं. कनेटिकटमध्ये १७८६ साली मॅथ्यू ग्रिसवोल्ड असाच गेला आणि असेंब्लीने सॅम्युअल हंटिंग्टनला निवडलं.

ऱ्होड आयलंडची तऱ्हा याहून न्यारी. तिथे बहुमताची अट होती, पण विधिमंडळाने मध्ये पडायची वाट नव्हती. १८०६ मध्ये तिघांत मतं फुटली, गव्हर्नरच निवडला गेला नाही, म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर आयझॅक विल्बर वर्षभर काम पाहत राहिला. १८३२ मध्ये लागोपाठ पाच वेळा मतदान घेऊनही कोणाला बहुमत मिळेना. आधीच्या वर्षीचे अधिकारीच खुर्चीवर राहिले.

अटीतटीची कमाल मॅसॅच्युसेट्समध्येच १८३९ साली. एकूण मतं १,०२,०६६. निम्मी म्हणजे ५१,०३३, म्हणून लागणार ५१,०३४. मार्कस मॉर्टनला पडली बरोब्बर ५१,०३४. एक चिठ्ठी त्याच्याविरुद्ध गेली असती तर निर्णय विधिमंडळाकडे, आणि तिथे त्याचा प्रतिस्पर्धी एडवर्ड एव्हरेट याच्या व्हिग पक्षाचा वरचष्मा होता. एव्हरेटने पराभव मान्य केला. काळ तुमच्या टिपणाबाहेरचा आहे, पण गणित समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही. सर्वाधिक मतांचा नियम तिथे १८५५ मध्ये आला.

न्यूयॉर्क आणि १७९० नंतरचं पेनसिल्व्हेनिया यांनी सुरुवातीपासूनच सर्वाधिक मतांचा नियम धरला. म्हणून क्लिंटन १०८ मतांनी जिंकला आणि विषय संपला. पेनसिल्व्हेनियात बरोबरी झाली तरच दोन्ही सभागृहांचं संयुक्त मतदान. पहिल्या निवडणुकीत तशी वेळ येणंच शक्य नव्हतं म्हणा: थॉमस मिफ्लिन २७,७२५, आर्थर सेंट क्लेअर २,८०२.

---

कोरा_कागद

फारच उपयोगी. 'चारांतून दोन' हे टिपणात चुकलं असतं. एक शंका: केंटकीत इलेक्टर गव्हर्नर निवडत असं एका ओळीत वाचलं. ते राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीशी गल्लत होऊन आलंय का?

---

बेरीज_वजाबाकी

गल्लत नाही, खरंच होतं. १७९२च्या घटनेत मतदारांनी दर चार वर्षांनी इलेक्टर निवडायचे आणि त्यांनी जमून सिनेटर व गव्हर्नर दोन्ही निवडायचे. पहिल्या वेळी आयझॅक शेल्बीबद्दल वादच नव्हता. घोळ झाला १७९६ मध्ये. ५३ इलेक्टरांची मतं पडली अशी: बेंजामिन लोगन २१, जेम्स गॅरार्ड १७, थॉमस टॉड १४, जॉन ब्राउन १. आता लोगन जिंकला की नाही? घटना त्यावर गप्प होती. 'सर्वाधिक' की 'निम्म्याहून अधिक', एक शब्द लिहायचा राहिला होता. इलेक्टरांनी स्वतःच ठरवलं की दुसरी फेरी घ्यायची, लोगन आणि गॅरार्ड यांच्यात. टॉडची बहुतेक मतं गॅरार्डकडे वळली आणि तो निवडून आला. लोगनने दाद मागितली. अॅटर्नी जनरल जॉन ब्रेकिनरिजने हा निर्णय आपल्या पदाच्या कक्षेत नाही म्हणून हात झटकले. सिनेटनेही आपला अधिकार नाही असंच सांगितलं. गॅरार्ड राहिला.

१७९९च्या नव्या घटनेने इलेक्टर काढून थेट मतदान आणलं आणि गव्हर्नरला पुढची सात वर्षं पुन्हा उभं राहायला बंदी घातली. त्या बंदीतून तेव्हाच्या गव्हर्नरला सूट होती. १८०० मध्ये पहिली थेट निवडणूक जिंकली, अर्थात, गॅरार्डनेच.

पुढे आलेल्या राज्यांपैकी टेनेसी (१७९६) आणि ओहायो (१८०३) यांनी थेट मतदानच घेतलं. लुइझियाना (१८१२) मधोमध: लोकांनी मतं द्यायची, पण पहिल्या दोघांतून गव्हर्नर विधिमंडळ निवडणार. राज्य होण्याआधी प्रदेश असताना मात्र मतदानाचा प्रश्न नव्हता. १७८७च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यानुसार गव्हर्नर वरून नेमला जाई, तीन वर्षांसाठी, आणि त्याच्याकडे त्या प्रदेशात एक हजार एकर जमीन असावी लागे. पेनसिल्व्हेनियात आपटलेला सेंट क्लेअर तिकडे १७८८ ते १८०२ गव्हर्नर होता, मतदाराचं तोंडही न बघता. जेफरसनने शेवटी काढला.

---

मधली_सुटी

चौथ्या प्रश्नाबद्दल. 'गव्हर्नर' लिहा. मराठी वर्तमानपत्रं अमेरिकेच्या बातमीत तेच लिहितात आणि ते बरोबर आहे. 'राज्यपाल' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे राजभवन येतं, राष्ट्रपतींनी नेमलेली व्यक्ती येते. मॅसॅच्युसेट्सचा १७८०चा गव्हर्नर नकाराधिकार वापरी, सैन्याचा प्रमुख असे, आणि त्याच्यावर मुख्यमंत्री नावाचा कोणी नसे. व्हर्जिनियाचा गव्हर्नर इतका दुबळा, की त्यालाही 'राज्यपाल' म्हणावंसं वाटेल, पण मोह टाळा. शेरीफलाही 'नगरपाल' करू नका. मुंबईचे नगरपाल हे मानाचं पद आहे. ओत्सेगोच्या शेरीफच्या हातात निवडणुकीचा निकाल होता.

तळटीप द्यायचीच असेल तर खरा दुवा एक आहे. आपल्या संविधान सभेपुढेही राज्यपाल निवडून आणायचा प्रस्ताव होता. फेब्रुवारी १९४८च्या मसुद्यात कलम १३१ खाली दोन पर्याय छापलेले आहेत: सर्व मतदारांनी थेट निवड, किंवा विधिमंडळाने प्रमाणशीर पद्धतीने चार नावं काढावीत आणि राष्ट्रपतींनी त्यातलं एक नेमावं. मे १९४९च्या अखेरीस दोन्ही सोडून नेमणूक ठरली. मोठा आक्षेप हा की लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा मुख्यमंत्री एकमेकांना भिडतील. अमेरिकेत ती अडचण नव्हती, कारण तिथे दुसरी खुर्चीच नव्हती.

---

सनदवाचक

टिपणाला तक्ता जोडणार असाल तर विधिमंडळाकडून लोकांकडे निवड कधी गेली त्याची वर्षं एकत्र देतो. पेनसिल्व्हेनिया १७९०. डेलावेअर १७९२. जॉर्जिया १८२५, पहिल्याच लढतीत जॉर्ज ट्रूप जेमतेम जिंकला. उत्तर कॅरोलायना १८३६, मेरीलँड १८३८, न्यू जर्सी १८४४. व्हर्जिनिया १८५१. ही सगळी पहिल्या थेट निवडणुकीची वर्षं आहेत. घटनादुरुस्तीचं वर्ष दोन-तीन ठिकाणी एकाने मागे पडतं (उत्तर कॅरोलायनाचं १८३५, मेरीलँडचं १८३७), तेव्हा स्तंभाचं शीर्षक नीट लिहा. दक्षिण कॅरोलायना सर्वांत शेवटी, १८६५. यादवी युद्ध हरल्यावर.